आरएक्स-८ आणि बिनटर्बोच्या रोटरी गाड्या : इनटेक-एक्झॉस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणासाठी लिहिलंय?

माझदाने आरएक्स-८ भारतात कधी विकलीच नाही, त्यामुळे नाशिकात रस्त्यावर दिसणं अवघडच, पण आपले बरेच लोक दुबई, इंग्लंड, न्यूझीलंडकडे राहतात, तिकडे ही गाडी सेकंडहँडमध्ये स्वस्तात पडते, आणि मग रात्री फोन येतो की घेतलीय, आता फिल्टर कुठला टाकू आणि सायलेन्सर कुठला लावू. नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेशनचं काम करतो आणि रोटरीचं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाचं, वेड आहे, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तरं दर वेळी तीच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. मुख्यतः आरएक्स-८ च्या रेनेसिस म्हणजे १३बी-एमएसपी इंजिनबद्दल आहे, शेवटी शेवटी जुन्या आरएक्स-७ बद्दलही थोडं.

एका वाक्यात सांगा, इनटेक आणि एक्झॉस्ट बदलून पॉवर वाढते का?

एक्झॉस्टने थोडी वाढते, इनटेकने जवळजवळ नाही, आणि गाडीत मूळचं जे आहे ते सगळं नीट चालू केलं तर या दोन्हींपेक्षा जास्त परत मिळते. आता सविस्तर.

पिस्टनच्या गाडीत चालतं ते इथे का चालत नाही?

रोटरीला व्हॉल्व्ह नसतात, कॅमशाफ्ट नसतो. रोटर फिरताना त्याची बाजू पोर्टवरून म्हणजे हवा-धुराच्या तोंडावरून सरकते, पोर्ट उघडतं आणि बंद होतं, म्हणजे टायमिंग धातूत कोरलेलंच आहे. जुन्या १३बी मध्ये एक्झॉस्ट पोर्ट हाउसिंगच्या परिघावर होतं, त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट काही काळ एकदम उघडे राहायचे, याला ओव्हरलॅप म्हणतात. रेनेसिसमध्ये माझदाने एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटवर नेलं, ओव्हरलॅप शून्य केला आणि पोर्टचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट केलं. फायदा असा की न जळलेलं पेट्रोल बाहेर जायच्या ऐवजी पुढच्या सायकलमध्ये जळतं आणि आयडलिंग गुळगुळीत राहतं.

पण यामुळेच हेडरचा, म्हणजे इंजिनला जोडलेल्या एक्झॉस्टच्या नळ्यांचा, खेळ संपतो. पिस्टनच्या गाडीत चांगला हेडर जाणाऱ्या धुराच्या ओढीने नवी हवा आत खेचायला मदत करतो, आणि ते होतं ओव्हरलॅपमध्ये. इथे ओव्हरलॅपच नाही तर खेचणार कशाला?

मग सगळ्यात आधी काय करू?

कंप्रेशन टेस्ट. पिस्टनच्या गाडीचा साधा गेज चालत नाही, रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो जो एका रोटरच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवतो. माझदाचा आकडा २५० आरपीएमला ८.५ किलो, आणि ६.९ च्या खाली गेलं की इंजिन उघडायची वेळ आली. एकाच रोटरच्या तीन बाजूंमधला फरक १.५ च्या आत आणि दोन रोटरमधला १ च्या आत पाहिजे. रीडिंग घेताना क्रँकिंगचा स्पीड पण लिहून ठेवा कारण बॅटरी किंवा स्टार्टर ढिला असला की आकडा कमीच येणार, आणि घाबरून लोक इंजिन उतरवतात. गाव समुद्रापासून उंचावर असेल तर तेही धरायचं.

दुसरं म्हणजे इग्निशन कॉइल. ही या गाडीची सगळ्यात मोठी दुखणारी नस. कॉइल हळूहळू मरतात, गाडी लगेच मिसिंग करत नाही, फक्त वरच्या आरपीएमला दमल्यासारखी वाटते, आणि मालक समजतो की श्वास कोंडतोय, फिल्टर बदलू. तोवर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन जळत असतं, कॅट आतून वितळतो, जाम होतो, मागे दाब आणि उष्णता तुंबते आणि रोटरची सील जातात. एका कॉइलच्या आळसाने पूर्ण इंजिन गेलेलं आहे लोकांचं. चारही कॉइल, वायर, आणि चारही प्लग एकदम बदला, आणि प्लग लावताना लीडिंग-ट्रेलिंगची अदलाबदल करू नका, दोन्ही वेगळे असतात.

एवढं झालं की मग मॉडचं म्हणजे बदलांचं बोलू.

एसएसव्ही, एपीव्ही, व्हीडीआय, व्हीएफएडी ही काय भानगड आहे?

हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि सगळ्यांनी विचारला पाहिजे. या चार गोष्टी म्हणजेच तुमच्या गाडीचा खरा परफॉर्मन्स इनटेक आहे आणि तो कंपनीने आधीच बसवून दिलाय.

६ पोर्टच्या म्हणजे ९००० आरपीएमवाल्या गाडीत असं होतं. सुरुवातीला फक्त प्रायमरी पोर्टमधून हवा जाते म्हणजे खालचा पिकअप बरा राहतो. साधारण ३७५० आरपीएमला एसएसव्ही म्हणजे सेकंडरीकडचा व्हॉल्व्ह उघडतो आणि सेकंडरी पोर्ट कामाला लागतात. साडेपाच हजारच्या आसपास व्हीएफएडी, म्हणजे पुढच्या हवेच्या डक्टमधली झडप उघडते. ६२५० ला एपीव्ही, म्हणजे पोर्टमधल्या फिरत्या नळ्या फिरतात आणि जास्तीची पोर्ट उघडतात. ७२५० ला व्हीडीआय म्हणजे इनटेकमधली झडप उघडून इनटेकची लांबी बदलते. लांबीचं कारण असं की एका रोटरचं पोर्ट बंद झालं की हवेचा धक्का उलटा फिरतो आणि तो दुसऱ्या रोटरच्या उघड्या पोर्टवर बरोबर वेळेला पोचला तर फुकटात हवा कोंबली जाते, पण वेळ जुळायला प्रत्येक आरपीएमला वेगळी लांबी लागते. ४ पोर्टच्या गाडीत एपीव्ही नसतो आणि रेडलाइनही ७५०० ला येते, त्यामुळे ४ पोर्टवाल्यांनी ९००० च्या गाडीचे व्हिडिओ बघून अपेक्षा ठेवू नये.

आता जुन्या गाडीत होतं काय तर एसएसव्हीची दांडी कार्बनने चिकटते. रोटरी इंजिन स्वतः ऑइल जाळतं, मेटरिंग पंप मुद्दाम चेंबरमध्ये ऑइल सोडतो, त्यामुळे इनटेकमध्ये डांबरासारखा चिकट थर जमतो. तपासायला सोपं आहे. बॉनेट उघडा, एकाला आत बसवा, गाडी पूर्ण गरम झाल्यावर चार हजारच्या वर नेऊन सोडायला सांगा आणि तुम्ही बॅटरीच्या उजेडात व्हॅक्यूम ॲक्च्युएटरची दांडी बघा, टचकन हलून परत आली पाहिजे. अर्धवट हलली, किंवा हललीच नाही, तर आधी ती बारीक व्हॅक्यूमची नळी काढून बघा, टोकाला भेगा पडलेल्या असतात, नखाने दाबली की तुकडा पडतो. नळी चांगली असेल तर हँडपंपने व्हॅक्यूम देऊन बघायचं, डायफ्रॅम धरतोय का. तो धरत असेल आणि दांडी तरी अडकत असेल तर व्हॉल्व्ह बाहेर काढून कार्ब क्लीनरने धुवायचा, काळं पाणी स्वच्छ होईपर्यंत. एपीव्हीला मोटर असते, तो व्हॅक्यूमवर नाही, त्याला स्कॅनर लावून बघावं लागतं.

लक्षण लक्षात ठेवा, ३७५० च्या पुढे गाडी भरतच नाही तर एसएसव्ही, सहा हजारच्या पुढे सपाट झाली तर एपीव्ही किंवा जाम कॅट. ही झडप चालू होऊन जो फरक पडतो तो दुकानातला कुठलाच इनटेक देऊ शकत नाही, हे मी छातीठोक सांगतो.

कोल्ड एअर इनटेक लावला तर किती एचपी?

मूळ एअरबॉक्स पुढून थंड हवाच घेतो, इंजिनची नाही. म्हणजे जो दोष दूर करायला कोल्ड एअर इनटेक असतो तो दोषच इथे नाही. जे काही वाढतं ते डायनोच्या (पॉवर मोजायच्या मशीनच्या) मोजमापातल्या फरकात बसून जातं. आवाज मात्र सुंदर येतो, रोटरीचा इनटेकचा आवाज मलाही फार आवडतो, आणि आवाजासाठी लावायचा असेल तर खुशाल लावा, फक्त पॉवरसाठी म्हणून पैसे घालू नका. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर मात्र कधीच नाही. मे महिन्यात नाशिकमध्ये बाहेरच चाळीस असतं, बॉनेटखाली त्याच्या कितीतरी वर, आणि हवा दर १० अंशांना साधारण ३ टक्के विरळ होते. म्हणजे फिल्टर बदलून पॉवर कमी केली असं होतं.

बंपरच्या खाली फिल्टर नेणारे किट पण मिळतात. आपल्याकडे ते नकोच. इगतपुरीकडे पावसाळ्यात रस्त्यावर जे पाणी साचतं त्यात एकदा फिल्टर बुडला की विषय संपला.

एमएएफ सेन्सरचं लोक एवढं का बोलतात?

कारण इनटेक बदलून इंजिन खराब व्हायचा रस्ता तिथूनच जातो. एमएएफ म्हणजे हवा मोजणारा सेन्सर नळीतल्या हवेचा फक्त वेग बघतो आणि ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर नळीचा व्यास ठरलेला धरून हवा किती हे काढतो. समजा नव्या इनटेकची नळी व्यासाला ५ टक्के मोठी आहे, तर क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढलं, वेग तेवढा पडला, सेन्सर १० टक्के कमी हवा सांगणार आणि पेट्रोल तेवढं कमी पडणार. हळू चालवताना धुरातला ऑक्सिजन बघणारा ओ२ सेन्सर ते सांभाळून घेतो, पण फुल थ्रॉटलला ईसीयू ठरलेल्या आकड्यावर जास्त विसंबतो, आणि नेमकं तिथेच लीन झालं म्हणजे पेट्रोल कमी पडलं तर डिटोनेशन, म्हणजे मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटणं, आणि रोटरीत डिटोनेशन म्हणजे रोटरच्या टोकाचं एपेक्स सील तुटलं.

त्यामुळे इनटेक लावायच्या आधी आणि नंतर स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवून देतोय, ते बघा. आधी २ होता आणि नंतर १० झाला तर तो इनटेक काढून ठेवा किंवा ट्यूनिंग करून घ्या. तिसरा पर्याय नाही.

फिल्टर कुठला?

मूळ कागदी. वेळेवर बदला. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या हंगामात रस्त्यावर जी धूळ असते त्यात तर कागदीच. धुवायचा कापडी फिल्टर वापरायचाच असेल तर तेल अगदी हलकं लावा, जास्तीचं तेल उडून एमएएफच्या तारेवर बसतं.

मुंबईला गाडी जास्त पळते आणि नाशिकला कमी, भास आहे का?

नाही, खरं आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, इथे हवेचा दाब सुमारे ७ टक्के कमी, आणि टर्बो नसलेल्या गाडीची पॉवर साधारण त्याच प्रमाणात पडते. २३१ पीएसच्या गाडीत पंधराएक पीएस गेले. कसारा घाट उतरला की ते परत मिळतात, कुठलाही मॉड न करता. म्हणून डायनो शीट बघताना गाव, दिवस, तापमान, करेक्शन लावलंय का, हे सगळं विचारा.

एक्झॉस्टमध्ये नक्की कुठे अडतं?

कॅटमध्ये. मॅनिफोल्डच्या लगेच पुढे मूळ कॅट आहे, दाट जाळीचा, आणि रोटरीचा धूर फार गरम, फुल लोडला ९०० अंशांच्या आसपास जातो. चांगल्या स्थितीतला कॅट काढून सरळ पाइप टाकला तर लोकांना ५ ते १० एचपी मिळतात असं बहुतेक डायनोवर दिसतं. जाम झालेला कॅट काढला तर मग गाडी पुनर्जन्म घेतल्यासारखी पळते आणि तोच व्हिडिओ नेटवर फिरतो की मिडपाइपने, म्हणजे कॅटच्या जागच्या पाइपने, ३० एचपी वाढले. वाढले नाहीत, गेलेले परत आले.

कॅट जाम आहे का हे बघायला पुढचा ओ२ सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा आणि रेस करायची. दाब चढतच चालला तर जाम. गिअरच्या बाजूचा बोगदा पायाला भाजतो, अंधारात कॅट लाल दिसतो, ही पण लक्षणं.

माझं मत विचाराल तर सरळ पाइप रस्त्यावरच्या गाडीला लावू नका. रोटरीचा धूर कॅटशिवाय डोळ्यात जातो, मागच्या दुचाकीवाल्याला तो खावा लागतो, आणि एचसीचा म्हणजे न जळलेल्या पेट्रोलचा आकडा कुठल्याच धुराच्या टेस्टमध्ये बसत नाही. २०० सेलचा म्हणजे विरळ जाळीचा मेटॅलिक हायफ्लो कॅट लावा. सरळ पाइपच्या बराच जवळ जातो आणि गाडी माणसात राहते. मागच्या ओ२ सेन्सरला मात्र कधीकधी तो पुरेसा वाटत नाही आणि पी०४२० म्हणजे कॅट कमजोर असल्याचा कोड येतो, ते आधीच धरून चला.

हेडर बदलू का?

नको. ओव्हरलॅपचं वर सांगितलंच. शिवाय रेनेसिसमध्ये एक्झॉस्टची तीन तोंडं असतात, दोन बाजूची दोन आणि मधलं एक, आणि मधल्या तोंडातून दोन्ही रोटरचा धूर येतो. खरी अडचण त्या मधल्या पोर्टात आहे, ती इंजिनच्या लोखंडाच्या आत आहे, बाहेरून कितीही सुंदर नळ्या जोडल्या तरी ती हलत नाही. वरून पातळ नळीचा हेडर बॉनेटखाली इतकी उष्णता फेकतो की जवळच्या वायरिंगचं आयुष्य कमी होतं.

कॅट-बॅक आणि पाइपची साइज?

कॅट-बॅक म्हणजे कॅटच्या मागचा पाइप आणि मफलर. त्याने पॉवर नाहीच्या बरोबर, पण मूळ मफलर जड आहे त्यामुळे मागचं वजन कमी होतं. अडीच इंच पुरेसा, तीन इंच लावून आवाज वाढतो, बाकी काही नाही. रेझोनेटर काढू नका, नाहीतर हायवेला एका ठराविक आरपीएमवर डोकं दुखेल असा घुमारा धरतो.

मफलर निवडताना आतलं भरण विचारा. साधी ग्लासवूल रोटरीच्या उष्णतेत लवकर जळून उडून जाते आणि मग काही महिन्यांनी गाडी पत्र्याच्या डब्यासारखी वाजायला लागते.

अंबड-सातपूरला बनवून मिळेल का?

पाइपचं काम उत्तम होईल. इथे एवढे फॅब्रिकेटर आणि टर्नर आहेत की फ्लँज लेझरवर कापून दुपारी हातात मिळतो. फक्त सांगताना नीट सांगा. एसएस ३०४ मागा, २०२ नको. आर्गन वेल्डिंग करून घ्या आणि आतून पण आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतल्या बाजूला वेल्ड फुलकोबीसारखं खडबडीत होतं, आणि धूर तिथूनच जाणार आहे. फ्लँज निदान १० एमएम जाड, पातळ असला की गरम होऊन वाकतो आणि गॅस्केट फुंकतं. सगळे बोल्ट आधी हाताने लावून पाइप लटकवून बघायचा, मग टॅक, मग पूर्ण वेल्ड. जमिनीवर जोडून आणलेला पाइप गाडीखाली कधीच बसत नाही, कुठेतरी ताण येतो आणि वर्षभरात तिथेच तडा जातो.

जुने स्टड उघडताना आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवा, सकाळी गरम करून हळूहळू. जोर लावला की तुटतात. आणि उंची बघा, ही गाडी मुळात खाली, त्यात गंगापूर रोडचे स्पीडब्रेकर.

जुन्या आरएक्स-७ ला पण हेच लागू?

नाही, आणि इथे लोक फसतात. १९८६ ते ८८ ची बिनटर्बो आरएक्स-७, ६ पोर्टवाली, तिची जास्तीची पोर्ट एक्झॉस्टच्या मागच्या दाबानेच उघडतात. म्हणजे मोकळा एक्झॉस्ट लावला की दाब गेला, पोर्ट उघडत नाहीत, आणि वरची पॉवर कमी होते. १९८९ ते ९१ च्या गाडीत तेच काम एअर पंपच्या दाबाने होतं, त्यामुळे तिथे एअर पंप काढून फेकला की तीच गत. अशा आरएक्स-७ वर एक्झॉस्ट बदलायचा तर ही पोर्ट उघडायची सोय आधी करा.

हेडरचा फायदा मात्र त्या इंजिनांना खरा होतो, कारण त्यांना ओव्हरलॅप आहे.

मग रोटरीतून बिनटर्बो मोठी पॉवर काढता येतच नाही का?

येते, पण पाइपने नाही, पोर्टने. १९९१ ला ले मान्स जिंकलेली ७८७बी बिनटर्बोच होती, चार रोटरचं आर२६बी इंजिन, ९००० आरपीएमला ७०० एचपी. त्यात इनटेक पोर्ट परिघावर होतं आणि इनटेकच्या नळ्या आरपीएमप्रमाणे लांब-आखूड सरकत होत्या. तेच लांबीचं तत्त्व, टप्प्याटप्प्याने नाही तर सलग. तुमच्या व्हीडीआयकडे थोड्या आदराने बघा.

ई२० पेट्रोलचं काय?

इथे गाडी असेल तर हा मुद्दा इनटेकशी जोडूनच बघा. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. जुना ईसीयू फुल थ्रॉटलला ते पूर्ण देईलच असं नाही, म्हणजे गाडी आधीच लीनकडे झुकलेली. त्यावर मोठ्या नळीचा इनटेक लावला तर दोन्ही चुका एकाच बाजूला जातात. वाइडबँड सेन्सर लावून हवा-पेट्रोलचं प्रमाण बघितल्याशिवाय इथे इनटेकला हात लावू नका. इंधनाचे रबरी पाइपही तपासून घ्या.

कायद्यात बसतं का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येत नाही, आणि आवाज-धुराच्या नियमाचा भंग झाला तर कलम १९०(२) खाली पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. कॅट काढलेली गाडी ट्रॅकपुरती. परदेशात असाल तर तिथल्या टेस्टचे नियम बघा, इंग्लंडमध्ये मूळ कॅट असलेल्या गाडीचा कॅट काढला तर एमओटीला म्हणजे तिथल्या वार्षिक तपासणीला नापास होते.

इलेक्ट्रिक सुपरचार्जर, टॉर्नेडो फॅन, मोठी थ्रॉटल बॉडी?

नाही. नाही. नाही.

बजेट मर्यादित आहे, क्रम सांगा.

कंप्रेशन टेस्ट, मग कॉइल-प्लग-वायर, मग सगळ्या व्हॅक्यूम नळ्या आणि एसएसव्ही साफ, मग कॅटचा दाब मोजा आणि खराब असेल तरच हायफ्लो टाका. इथपर्यंत आलात की एकदा मोकळ्या रस्त्यावर गाडी पूर्ण गरम करून, दुसऱ्या गिअरला रेडलाइनपर्यंत ओढून बघा, आणि त्यानंतरही काही कमी वाटलं तर ट्रिमचे आकडे आणि कंप्रेशनचं रीडिंग घेऊन मला विचारा, त्याशिवाय नुसतं "गाडी ओढत नाही" यावर सांगता येत नाही.